व्हेनिसचे बारा फोटो: भरती-ओहोटी न बघता आखलेल्या सहलीच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, अलिबाग

तिकिटं काढली. मुंबई ते व्हेनिस, मधे आखातात एक थांबा, जाऊन-येऊन ५६,४०० रुपये. १४ नोव्हेंबरला पोचायचं, २२ ला निघायचं. काम एवढंच: स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावायला वीस बाय तीस इंचाचे १२ फोटो. पंचवीस वर्षं लोकांची लग्नं काढली, भिंतीवर स्वतःचं म्हणावं असं काही नाही.

नोव्हेंबरच का, तर सूर्य दिवसभर खाली असतो, खोल्या स्वस्त मिळतात आणि गर्दी त्यातल्या त्यात कमी. एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घ्यायला व्हेनिसने यंदा सुरुवात केली, पण तेही फक्त एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवसांपुरतं. आमच्या धंद्याला मात्र हा महिना गैरसोयीचा. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. पहिल्या आठवड्याच्या दोन ऑर्डरी धाकट्या भावाच्या गळ्यात घातल्या.

२७ सप्टेंबर

शेंगेन व्हिसाचे कागद दिले. फी ९० युरो (जूनपासून वाढली आहे), वर केंद्राचं सेवाशुल्क, आणि किमान ३०,००० युरोचं कवच देणारा प्रवासविमा. सगळं मिळून ११,९०० रुपये. इथे एक आठवडा फुकट गेला. बँकेचं स्टेटमेंट शिक्क्याशिवाय नेलं होतं, ते परत पाठवलं. दुसऱ्या वेळेची अपॉइंटमेंट सहा दिवसांनी मिळाली. खोल्या रद्द करता येतील अशाच घेतल्या होत्या, तेवढं शहाणपण होतं.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबरला. मी तेव्हा नसणार. आई म्हणाली, "बरा दिवस निवडलास."

सहलीचा तक्ता बनवला. कॉलम: तारीख, सूर्योदय, सूर्यास्त, जागा, सूर्य कुठल्या बाजूला, लेन्स. सूर्योदय साधारण ७ वाजून १० मिनिटांनी, सूर्यास्त ४:४० च्या आतबाहेर. सूर्याच्या अ‍ॅपवर तीन रात्री बसून ३१ जागा भरल्या. प्रिंट काढून लॅमिनेट केला. हा तक्ता किती कामाचा निघाला ते पुढे येईलच.

१४ नोव्हेंबर, मेस्त्रे

विमान वेळेवर. मुक्काम पहिल्या चार रात्री मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्या अलीकडे जमिनीवर. रात्रीला ६८ युरो. पाण्यातल्या शहरात तशाच खोलीला १०५. विमानतळावरून बस १० युरो. मेस्त्रेहून लांबलचक पुलावरून ट्रेनने दहा-बारा मिनिटांत सांता लुचिया स्टेशन. हिशेब कागदावर चांगला दिसत होता.

१५ नोव्हेंबर

पहाटे पाच चाळीसची ट्रेन. प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रात तिकिटावर ठसा मारायचा असतो, तो मारला नाही. तिकीट तपासनिसाने समज देऊन सोडलं. दुसऱ्यांदा कुणी सोडणार नाही हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

स्टेशनच्या दारातच ग्रँड कॅनाल. १ नंबरची वापोरेत्तो धरली. वापोरेत्तो म्हणजे आपली लाँच, फक्त बसचं काम करते. ही १ नंबरची जवळजवळ प्रत्येक धक्क्यावर थांबते. सान मार्कोला पोचायला पाऊण तास लागला आणि ब्ल्यू अवर, म्हणजे सूर्योदयाआधीचा निळा उजेड, निम्मा बोटीतच संपला. चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं.

डोक्यात चित्र हे होतं: सान मार्को चौकात पाणी साचलेलं, त्यात चर्चचे घुमट उलटे, वर निळं आभाळ, माणूस नाही. प्रत्यक्षात चौक कोरडा ठणठणीत. शेजारी धक्क्यावर गोंडोला रांगेत, पण प्रत्येकीवर निळी ताडपत्री ओढलेली. पहाटेच्या ज्या फोटोंत काळ्या चकचकीत गोंडोला दिसतात ते ताडपत्र्या निघाल्यावरचे किंवा नीट जागा हेरून काढलेले असतात, हे तिथे उभं राहिल्यावर समजलं. साडेआठपर्यंत थांबून रिआल्तोला कॉफी प्यायला गेलो. अकराच्या सुमारास परत आलो तर चौकाच्या मधल्या खळग्यात पाणी, पण ओसरत चाललेलं. लोक बूट हातात घेऊन फोटो काढत होते. मी चुकलोच होतो, पण का चुकलो ते तेव्हाही लक्षात आलं नाही. मला वाटलं, रात्री पाऊस झाला असेल.

दुपारी अडीचला घरून फोन. तिकडे सात वाजले होते, आईने त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती लावल्या होत्या. ती सहज म्हणाली, "आज पुनव. उधाणाचं पाणी असेल ना रे तिकडे?"

मी गप्पच झालो. कुलाबा किल्ल्यावर पाहुण्यांना न्यायचं तर ओहोटीची वेळ बघितल्याशिवाय आम्ही घराबाहेर पडत नाही. वेळ चुकली तर पाणी कमरेला लागतं, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. आणि मी लॅमिनेट केलेला तक्ता घेऊन इटलीला आलो, त्यात पाण्याचा कॉलमच नाही! दोष त्या शब्दाचा. 'कालव्यांचं शहर, कालव्यांचं शहर' असं वाचत आलो आणि कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धरणाचा पाट येतो, एका पातळीने वाहणारा. इथले कालवे म्हणजे खाड्या आहेत. समुद्र तीन तोंडांनी आत येतो आणि सहा तासांनी बाहेर जातो.

संध्याकाळी सालूते चर्चच्या धक्क्यावर ट्रायपॉड लावला. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सपुढची गडद काच, उजेड अडवून एक्स्पोजर लांबवणारी), ३० सेकंदांचं एक्स्पोजर, एकामागून एक चौदा फ्रेम. खोलीवर येऊन बघितल्या तर चौदाच्या चौदा हललेल्या. वापोरेत्तोचे धक्के तरंगते असतात. पायाला जाणवत नाही इतपतच डुलतात, पण ३० सेकंदांत समोरच्या इमारतीची कड दुहेरी होते. रेवस-मांडव्याच्या लाँचवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगायला नको होतं.

आजचा तोटा: पूर्ण दिवस, आणि दोन सुटी तिकिटं म्हणजे १९ युरो. दुपारी ३ वाजता ७२ तासांचं कार्ड घेतलं, ४५ युरो.

१६ नोव्हेंबर

आधी भरतीची वेळ. आमच्याकडचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. इथे काल पाणी सव्वादहालाच चढलं असावं. म्हटलं, तासाभराचा फरक वजा करू. (पुढे द्वितीयेला हाच फरक अडीच तासांवर गेला, तेव्हा पाऊणपट सोडून दिली. ती आमच्या किनाऱ्याची आहे.) व्हेनिस महापालिकेचं भरतीचा अंदाज देणारं केंद्र आहे, त्यांचा आलेख रोज निघतो. त्यावर भरवसा ठेवावा.

आलेख वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. '९० सेंटिमीटर' म्हणजे रस्त्यावर ९० सेंटिमीटर पाणी नव्हे. हा आकडा १८९७ साली ठरवलेल्या शून्यापासून मोजतात. सान मार्को शहरातल्या सगळ्यात सखल जागांपैकी. तिथे ८० ते ९० च्या दरम्यान पाणी दिसायला लागतं. ते काठावरून ओसंडून येत नाही, चौकातल्या गटारांच्या जाळीतून खालून वर येतं. आणि ११० च्या वर जाणार असा अंदाज असला की समुद्राच्या तिन्ही तोंडांवरचे मोझे नावाचे दरवाजे उभे करतात. ३ ऑक्टोबर २०२० ला ते पहिल्यांदा पुराच्या वेळी वापरले. म्हणजे १२ नोव्हेंबर २०१९ च्या १८७ सेंटिमीटरच्या पुरातले गुडघाभर पाण्याचे फोटो बघून कुणी येत असेल तर ते दृश्य आता सहसा मिळणार नाही. शहरासाठी चांगलंच झालं.

पावणेदहाला चौकात हजर. भाची पादुआला शिकते, शनिवार म्हणून ती आली होती. पाणी जाळीतून बुडबुडत वर आलं आणि फरशीच्या सांध्यांतून पसरत गेलं. हे बघण्यासारखं आहे. पाणी येताना दिसत नाही, आधी फरशी काळी पडते, मग काळ्याला चकाकी येते, मग त्यात घंटाघर दिसायला लागतं. फेरीवाल्याकडून प्लास्टिकचे रंगीत गमबूट घेतले, अर्ध्या तासात उजव्याच्या शिवणीतून पाणी आत.

गर्दी होतीच. माणसं टाळायचा प्रयत्न अर्धा तास केला आणि सोडला. कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर धरला, स्क्रीन वर वळवली. मग माणसं सरळ न घेता त्यांची उलटी प्रतिबिंबंच घेतली. या मालिकेतली पहिली कामाची फ्रेम अशी मिळाली, १०:२० ला, भर उजेडात, सूर्याच्या अ‍ॅपने 'वाईट वेळ' म्हणून लाल रंगवलेल्या तासात.

संध्याकाळी उलटं. सूर्यास्त आणि ओहोटी एकाच वेळी. सालूतेजवळच्या पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या दोन-तीन जास्त उघड्या पडल्या होत्या. त्यावर हिरवं शेवाळ. मला वाटलं खालच्या पायरीवरून कोन चांगला मिळेल. पाय ठेवला आणि बसलोच. गुडघा फुटला, एनडी फिल्टरचे दोन तुकडे झाले. भाची ओरडली, "मामा, उठ आधी. कॅमेरा नंतर बघ." कॅमेरा वाचला. फिल्टर ७,८०० रुपयांचा. पायरी हिरवी असेल तर तिच्यावर उतरू नका. ती दिवसातून दोनदा पाण्याखाली असते.

१७ नोव्हेंबर

लंगडत फिरलो, म्हणून एकाच भागात राहिलो: दोर्सोदुरो. सान त्रोव्हाझोच्या छोट्या कालव्यावर गोंडोला बांधण्या-दुरुस्तीचा जुना कारखाना आहे. आत जाता येत नाही, पण समोरच्या काठावरून सगळं दिसतं. लाकडी घरं, उतार, त्यावर उलट्या ठेवलेल्या गोंडोला. गोंडोला सरळ नसते, डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद. वल्हवणारा एकटा, एकाच बाजूने वल्हं मारतो, म्हणून नाव गोल फिरू नये यासाठी ही केळ्यासारखी वाकडी. वर्सोलीच्या होड्या बघत वाढलो, त्यामुळे या काठावर दीड तास कसा गेला कळलं नाही.

अकराला भरती होती, एक फ्रेम घेतली. संध्याकाळी पाचच्या आधी तिथेच आलो, तर तीच जागा नव्हे असं वाटलं. उताराचं शेवाळलेलं टोक उघडं, समोरच्या घराच्या दाराखाली चार पायऱ्या जिथे सकाळी एक होती, आणि भिंतीवर ओली-सुकी अशी सरळ रेघ, जणू ओळंब्याने आखलेली. रेघेच्या वर विटा खारवून भुगा झालेल्या, रेघेखाली काळ्या आणि तुकतुकीत. फरक डोळ्यांनी मोजला तर दोन-अडीच फूट. आमच्याकडे समुद्र चार मीटरने वरखाली होतो, त्यापुढे हे काहीच नाही. पण आमच्या पाण्यात कुणाची दिवाणखान्याची दारं उघडत नाहीत.

इथे काम बदललं. ३१ जागांचा तक्ता पिशवीच्या तळाशी गेला. नवं काम: सहा जागा, प्रत्येक जागा दोनदा, भरतीला आणि ओहोटीला. सहा जोड्या, बारा फोटो.

१८ नोव्हेंबर

जोड्या जुळत नाहीत. तीच जागा, तीच लेन्स, तरी दुसरा फोटो वेगळाच दिसतो. कारणं दोन.

एक, ट्रायपॉड नेमका तिथेच लागत नाही. यावर उपाय: पहिल्या वेळी ट्रायपॉडच्या तिन्ही पायांचा फोनने फोटो काढून ठेवायचा, कुठला पाय कुठल्या फरशीच्या कोपऱ्यापासून किती बोटं लांब ते दिसेल असा. लेन्सवर फोकल लेंग्थच्या जागी (झूम कुठवर फिरवला तिथे) चिकटपट्टीची खूण. दुसऱ्या वेळी आधी फोन बघायचा, मग डोळा लावायचा.

दुसरं कारण उजेड. सकाळी अकराचं ऊन आणि संध्याकाळी पाचचा अंधार शेजारी ठेवले की बघणाऱ्याला पाण्याचा फरक दिसतच नाही, उजेडाचाच दिसतो. मोठ्या कालव्यावर याला उपाय नाही. अरुंद, उत्तरेकडच्या, दिवसभर ऊन न शिरणाऱ्या गल्लीबोळांतले कालवे शोधायला हवेत, आणि ओहोटीचा फोटो अगदी तळाला न घेता तास-दीड तास आधी, उजेड असताना घ्यायचा. सूर्यास्त बघायला आलेला मी आता ऊन नसलेल्या जागा हुडकत होतो.

दुपारी बुरानो. फोंदामेंते नोव्हेच्या धक्क्यावरून १२ नंबरची बोट, पाऊण तासाच्या आत. रंगीत घरं, तिरपं घंटाघर. फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच आहेत. एक सांगतो: नोव्हेंबरमध्ये सूर्य इतका खाली की कालव्याची एक बाजू भगभगीत आणि दुसरी काळी. ढग आला तेव्हाच रंग खरे दिसले. घरांच्या दारांना बाहेरून पट्ट्यापट्ट्यांचे पडदे असतात. एका दारात बसलेल्या आजीबाईंवर मी न विचारता कॅमेरा रोखला. त्यांनी काही न बोलता पडदा ओढला. बरोबरच होतं. आमच्या ओटीवर येऊन कुणी असं केलं असतं तर आईने पडदा ओढून भागवलं नसतं. तो एकही फोटो ठेवला नाही.

परत निघताना लक्षात आलं, ७२ तासांचं कार्ड ३ वाजताच संपलंय. आणखी ९.५०. पहिल्याच दिवशी सात दिवसांचं ६५ युरोचं घेतलं असतं तर विषयच नव्हता.

रात्री मुक्काम हलवला, कन्नारेजिओमध्ये. पत्ता म्हणजे विभागाचं नाव आणि चार आकडी क्रमांक. गल्लीचं नाव नाही. इथे घरांचे क्रमांक गल्लीप्रमाणे नसतात, सबंध विभागभर एकच माळ ओवत जातात. फोनचा निळा ठिपका उंच भिंतींमध्ये या गल्लीतून त्या गल्लीत उड्या मारतो. सामान घेऊन ५० मिनिटं फिरलो, नऊ पूल चढलो-उतरलो, प्रत्येकाला पायऱ्या. घरमालकाला आधीच विचारून घ्या: सगळ्यात जवळचा धक्का कुठला, पूल कुठला, चौक कुठला. कोपऱ्यांवर भिंतीवर पांढऱ्या चौकटीत रंगवलेली नावं असतात, त्यांवर चालायचं, फोनवर नाही.

मेस्त्रेची बचत फसवी होती. चार रात्रींचे वाचले १४८ युरो. पण सकाळची भरती आणि संध्याकाळची ओहोटी यांच्या मधले पाच तास नऊ किलोची पिशवी पाठीवर घेऊन काढावे लागले, आणि पाचव्या दिवशी पाठीने नकार दिला. पाण्याच्या वेळेवर काम करायचं तर खोली पाण्याजवळच हवी.

१९ नोव्हेंबर

धुकं. सातला खिडकी उघडली तर समोरचं घर नाही. धावत खाली. कालव्यात मालवाहू होड्या भोंगे वाजवत हळूहळू जात होत्या: एकीवर भाजीचे खोके, एकीवर कुणाचं तरी धुलाई यंत्र. इथे कचरासुद्धा होडीनेच जातो. तीन तास एका पुलावरून हललो नाही. पूल दगडी होता, ट्रायपॉड पक्का बसला. अकादमीच्या पुलावर नेमकं उलटं: तो लाकडी तळाचा, माणूस धावत गेला की थरथरतो. तिथे लांब एक्स्पोजरऐवजी आयएसओ (उजेड टिपायची कॅमेऱ्याची क्षमता) ८०० वर नेऊन पाव सेकंदाच्या दहा-बारा फ्रेम घ्यायच्या, एखादी नक्की स्थिर निघते.

कॉफीला शिरताना चूक केली, कॅमेरा गळ्यातच. उबेत गेल्याबरोबर लेन्सवर दव, आतपर्यंत. वीस मिनिटं थांबलो, तोवर धुकं विरळ. आत जाण्याआधी कॅमेरा पिशवीत घालून चेन लावायची आणि आत लगेच उघडायची नाही. हे मला माथेरानच्या पावसाळ्यापासून माहीत आहे. तरी केलं.

२० नोव्हेंबर

सान जोर्जो बेटावरच्या घंटाघरावर लिफ्टने. समोर सगळं सान मार्को. छान दिसतं, पण वरून पाणी सपाट पत्र्यासारखं दिसतं आणि रेघ दिसत नाही. बोटीची दोन तिकिटं, १९ युरो. फोटो मालिकेत बसला नाही.

त्यापेक्षा २ युरोची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, बरी. ग्रँड कॅनालवर पूल फक्त चार, त्यामुळे मधे मधे आडव्या तरी चालतात, त्राघेत्तो म्हणतात. जुनी, साजशृंगार नसलेली गोंडोला, दोन वल्हवणारे, दोन मिनिटांत पलीकडे. सांता सोफियाहून रिआल्तोच्या मासळीबाजाराकडे आठ वेळा गेलो-आलो. डोळा पाण्यापासून मीटरभर वर. हाच कोन ९० युरोच्या अर्ध्या तासाच्या गोंडोलात मिळतो. तिथे मात्र बसायला गादी असते.

घरी मतदान चालू. भावाने बोटाच्या शाईचा फोटो पाठवला.

२१ नोव्हेंबर

सालूतेचा सण. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये शहराने नवस बोलला आणि १६३१ मध्येच हे चर्च बांधायला घेतलं. दरवर्षी २१ नोव्हेंबरला नवस फेडायला लोक येतात आणि त्यासाठी सांता मारिया देल जिल्योपासून ग्रँड कॅनालवर तात्पुरता पूल टाकतात. तक्त्यात हा सण नव्हताच. पुलाचं काम चाललेलं बघून चौकशी केली तेव्हा कळलं.

सकाळपासून रांगा. पुलाच्या मध्यावर उभं राहिलं की ग्रँड कॅनाल दोन्हीकडे दिसतो, एरवी ही जागा फक्त बोटीवाल्यांची. ट्रायपॉड काढायचा प्रश्नच नव्हता, माणसांचा लोंढा ढकलत नेत होता. एनडी फिल्टर आधीच फुटलेला, म्हणून लांब एक्स्पोजरचा मोहही उरला नव्हता. हातात धरून, माणसांच्या खांद्यांवरून काढलं. पलीकडे मेणबत्त्यांची दुकानं, फुगे, साखरेच्या पाकातले गोड पदार्थ, पोरांची भोकाडं. चौलच्या दत्ताच्या यात्रेला कुणी संगमरवरी घुमट आणून ठेवला तर असंच दिसेल. चर्चच्या दाराशी बाया मोठ्या मेणबत्त्या आतल्या माणसाच्या हातात देत होत्या. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत मेणाने पांढरे. तो फोटो विचारून काढला. दुपारी कास्त्रादिना, म्हणजे सुकवलेलं खारवलेलं मटण आणि कोबीचं कालवण. याच सणाला करतात. मटण कोबीत घालायची कल्पना मला आवडली नव्हती, खाल्ल्यावर आवडली.

आता वाईट बातमी. सहापैकी दोन जोड्या राहिल्या होत्या, त्या आज-उद्या पुऱ्या करायच्या होत्या. दुपारी आलेख बघितला तर भरती आणि ओहोटीतला फरक मावळत चाललेला. अर्थात! पौर्णिमा होऊन सहा दिवस झाले, अष्टमी जवळ आली. उधाण संपलं, भांग लागला. चार दिवसांपूर्वी चार पायऱ्या उघड्या पडत होत्या तिथे आज दीड. दोन्ही जोड्या काढल्या, शेजारी ठेवल्या, कुणालाही एकच फोटो दोनदा लावल्यासारखं वाटेल. पाण्यावर काम करायचं असेल तर सहल पौर्णिमा किंवा अमावस्येच्या दोन दिवस आधी सुरू करा आणि महत्त्वाचं पहिल्या पाच दिवसांत उरका. माझी तिकिटं पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची निघाली ती निव्वळ योगायोगाने, आणि त्यातला पहिला दिवस मी फुकट घालवला.

२२ नोव्हेंबर

पियात्साले रोमाहून विमानतळाची बस, १० युरो. सकाळी एकदा सान त्रोव्हाझोला जाऊन आलो. कारखान्याच्या उतारावर एक माणूस गोंडोलाच्या तळाचं शेवाळ खरवडत होता. कॅमेरा पिशवीत होता, तो काढला नाही.

३ डिसेंबर, अलिबाग

खर्च मांडला. विमान ५६,४००, व्हिसा आणि विमा ११,९००. खोल्या पर्यटन करासकट ७२० युरो. बोटी ९२.५०, ट्रेन २४, विमानतळाच्या बस २०. खाणं २१५ (भाचीने आणलेले पोहे आणि माझे मेथीचे लाडू धरले नाहीत). त्राघेत्तो, लिफ्ट, गमबूट आणि शौचालयं मिळून ३० च्या आसपास. सार्वजनिक शौचालयाला दीड युरो लागतो, सुटे ठेवा. युरो साधारण ९१ रुपयांनी धरून आणि फुटका फिल्टर मिळवून १ लाख ७६ हजार. बोटीच्या तिकिटांत सरळ २७.५० युरो मूर्खपणाचे.

एकूण २,१४० फ्रेम. बारा निवडल्या: चार जोड्या म्हणजे आठ, वर सान मार्कोची उलटी माणसं, धुक्यातली होडी, मेणाचे हात आणि त्राघेत्तोतून दिसणारा मासळीबाजार. मूळ तक्त्यातल्या ३१ जागांपैकी एकही नाही.

पुण्याहून पहिले प्रूफ, म्हणजे छपाईचे नमुने, आले. जोड्यांमधलं शेवाळ सगळं काळं छापलं गेलंय, हिरव्याचा मागमूस नाही, त्यामुळे रेघच हरवली. माझा स्क्रीन फार उजळ होता, चूक माझीच. सावल्या उचलून, पिवळट हिरवा थोडा वाढवून चार फाइली पुन्हा पाठवल्या. नवे प्रूफ मंगळवारी येतील.